जाळीतला आचारी

पारे माणूस मेला की त्याला पुरण्याआधी एका चागाला बोलवावं लागतं. भाऊबंद, पाद्री, पेटी करणारा सुतार ही मंडळी आपापल्या वेळेला येतात. पण चागा नसेल तर मयत अडून राहतं. आम्ही चागा जमातीचे लोक किलीमांजारोच्या उतारावरचे, पारे शेजारच्या डोंगरांतले, आणि पिढ्यान्‌पिढ्या आम्ही एकमेकांचे थट्टेकरी. म्हणजे एकमेकांना वाटेल ते बोलायचं, एकमेकांच्या ताटातलं उचलून खायचं आणि रागवायचं मात्र नाही. जो रागावला त्याने दंड भरायचा. मयताच्या घरी तर थट्टेकऱ्याला कामच नेमून दिलेलं असतं. रडणाऱ्यांना हसवायचं, मेलेल्याचे कपडे चढवून त्याची नक्कल करायची, खड्ड्यात उतरून आडवं व्हायचं आणि हातावर काहीतरी पडल्याशिवाय उठायचं नाही.

झेफानिया म्शाना गेला तेव्हा मला बोलावणं आलं ते याच नात्याने. मी आलोइस तेमू, चागा, धंद्याने सफारीच्या गाडीचा ड्रायव्हर. म्शाना माझ्या गाडीवरचा आचारी. उमेदीची सगळी वर्षं आम्ही दोघांनी सेरेन्गेटीत तंबू ठोकण्यात आणि उखडण्यात घालवली. मी पाहुण्यांना सिंह दाखवायचो, तो त्यांना सूप पाजायचा.

त्या सुपाबद्दल सांगितलंच पाहिजे. म्शानाच्या मुलखात आलं पिकतं, आणि जगात दुसरं काही पिकतं यावर त्याचा विश्वास नव्हता. गाजराचं सूप असो, भोपळ्याचं असो, काकडीचं असो, चव एकच, आल्याची. चहात आलं, केकमध्ये आलं. केक मात्र असा करायचा की बोट तोंडात जावं. पातेल्यावर झाकण, झाकणावर निखारे, आणि आत सोनेरी फुगलेला केक. पाहुण्या बायका फोटो काढायच्या. म्शाना कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि मी मागून म्हणायचो, "बाईसाहेब, एक तुकडा जास्त मागून घ्या. पारे माणूस आयुष्यात एकदाच जास्त देतो, तेही कोर्टाने सांगितलं तर."

"आणि चागा मेला की नाही ते कसं बघतात सांगू का यांना?" म्शाना लगेच म्हणायचा. "कानाशी नाणी वाजवतात. उठला नाही तर पुरतात."

पारे चिक्कू आणि कोर्टबाज, चागा पैशाचे लोभी, ही आमची ठरलेली थट्टा. म्शाना माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा होता, पण थट्टेच्या नात्यात वय कोण बघतो! अरेतुरेच चालायचं.

तर असा हा म्शाना, आणि त्याचं एक मोठं दुःख होतं. तो जनावरांना घाबरायचा. थोडाथोडका नाही. आयुष्य सिंह, हत्ती आणि तरसांच्या अंगणात काढलं आणि त्यातल्या एकाशीही त्याचं जमलं नाही. पहिल्याच सफारीत एका तरसाने तंबूच्या फटीतून त्याची उशी ओढून नेली होती, डोकं उशीवर असताना. त्या दिवसापासून तो तंबूत झोपला नाही.

आमच्या कॅम्पवर स्वयंपाकघराला चारी बाजूंनी लोखंडी जाळी असते. सगळ्या जगात जनावरं पिंजऱ्यात आणि माणसं बाहेर. आमच्याकडे उलटा न्याय. स्वयंपाक आटोपला की बाकीचे आचारी आपापल्या तंबूत जायचे. म्शाना जाळीचं दार लावायचा, आतून कुलूप घालायचा, किल्ली सुतळीने गळ्यात अडकवायचा आणि चुलीशेजारी अंथरूण टाकायचा. सोबतीला एक रंगाचा रिकामा डबा, घट्ट झाकणाचा. डबा कशाला ते विचारू नका. माणूस अंधारापूर्वी आत शिरणार आणि उजाडल्यावर बाहेर पडणार, मधल्या वेळात निसर्ग थोडाच थांबतो! दिवसासुद्धा कचरा टाकायला निघाला की एका हातात पातेलं, एका हातात पळी, ठण ठण ठण करत जायचा. कचऱ्याच्या खड्ड्यावर बसलेले टकले करकोचे उडून जायचे, आणि म्शाना मान ताठ करून परत यायचा.

हे सगळं आम्हा ड्रायव्हर लोकांना पाठ होतं. त्याच्या गावाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. गाव किसिवानी, पारे डोंगराच्या पायथ्याशी. एकदा त्याला सुट्टीवर सोडायला मी तिथवर गेलो, तर वेशीवरच म्हातारे गोळा झाले आणि मला विचारू लागले, "काय हो ड्रायव्हर, सिंहाने याच्या पातेल्यात पंजा घातला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"कुठला सिंह?"

"तो नाही का, ज्याच्या नाकावर म्शानाने पळी हाणली!"

मी म्शानाकडे पाहिलं. म्शाना आभाळाकडे पाहत होता. मग कळलं, दर सुट्टीत नवीन सिंह. एकाला पळीने मारलं, एकाच्या डोळ्यांत मिरपूड टाकली, एक तर म्हणे म्शानाचा आवाज ऐकूनच शेपूट घालून गेला. साऱ्या गावात त्याचा काय तो मान! पोरांची भांडणं त्याच्यापुढे मिटत, लग्नात त्याला पुढची खुर्ची.

आता अशी आयती संधी थट्टेकरी सोडेल का? मी सरळ खरं ते सांगून टाकलं. "अहो, हा जाळीत झोपतो. आतून कुलूप लावून. रात्री डबा घेऊन."

गाव असं हसलं की कोंबड्या पळाल्या. "बघा बघा, चागा काय बोलतो! डबा म्हणे!" एका म्हातारीला ठसका लागला. मी शपथ घेतली. ते आणखी हसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की थट्टेकऱ्याने सांगितलेलं कुणी खरं धरतच नाही. आपण खरं बोलावं आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, याच्याइतका मनस्ताप नाही. म्शाना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बोल रे बोल, अजून बोल. माझंच नाव मोठं होतंय."

त्याचं नाव खाली यायची वेळ आली ती त्याच्या बायकोमुळे. मोठ्या पावसाळ्याचे दिवस होते, पाहुणे नव्हते, आणि मालकाला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, त्याने सांगितलं की कॅम्पवर डागडुजीला जाणाऱ्यांनी या वेळी घरच्यांना न्यावं. नाकिज्वावहिनीने निरोप आला त्याच दिवशी गाठोडं बांधलं. इतकी वर्षं ऐकलेले सिंह तिला एकदा बघायचे होते.

म्शाना माझ्याकडे आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. "आलोइस," तो म्हणाला. मला नावाने हाक मारली म्हणजे गाडी खड्ड्यात गेली हे मी ओळखलं. "गावाचं जाऊ दे. गाव हसेल, विसरेल. पण तिने मला कुलूप लावताना बघितलं ना, तर घरी मी कुठल्या तोंडाने जाऊ? मी तिथे वर्षात कितीसा असतो? तिच्याजवळ माझं काय आहे, तर त्या गोष्टी आहेत."

"मग तंबूत झोप तिच्यासोबत."

"तंबूत?" तो मागे सरकला. "तंबू कापडाचा असतो रे."

मी हसलो, कारण तसा रिवाज आहे. पण मनातून मला त्याची कीव आली.

कॅम्पवर आम्ही दुपारी पोचलो. म्शानाने छाती पुढे काढून जाळीशेजारी तंबू ठोकला आणि त्याकडे पाठ करून सुपाला लागला. मी आत बाकावर चहा घेऊन बसलो. वहिनी सगळीकडे फिरली. जाळीला हात लावून पाहिला, दार उघडझाप करून पाहिलं.

"अहो, ही जाळी कशाला?"

"माकडांसाठी," म्शाना म्हणाला.

"आणि कुलूप आतून का?"

"माकडं हुशार असतात."

"वहिनी," मी म्हणालो, "तो आत झोपतो म्हणून कुलूप आतून."

वहिनी खांद्यावरच्या कापडात तोंड लपवून हसली. "भावजी, तुम्ही चागा लोक म्हणजे अगदी असे! माझ्या नवऱ्याला कोंबडी करून ठेवलंत."

म्शानाने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात वहिनीला कोपऱ्यातला डबा दिसला. तिने झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

"यात काय असतं हो?"

म्शानाची पळी सुपात बुडाली. "त्यात... आंबवण. पावाचं."

"आंबवणाला असा वास?"

"इथली हवा वेगळी आहे."

"पाहुण्यांच्या पोटात जातं ना हे? काही लाज आहे की नाही! राख द्या इकडे, घासून आणते." आणि म्शाना तोंड उघडायच्या आत ती डबा घेऊन पाण्याच्या टाकीकडे चालती झाली. माझा चहा नाकात गेला. म्शाना कपाळाला हात लावून उभा राहिला.

टाकी जाळीपासून अंतरावर, काटेरी बाभळीपलीकडे. वहिनी तिथे पाठमोरी बसून डबा घासत होती, देवाचं गाणं म्हणत. मी हसू आवरून डोकं वर केलं, तर बाभळीमागून मॅनेजर येत होता.

मॅनेजर म्हणजे एक म्हातारा हत्ती, एक सुळा मोडलेला. तो वाटेल तेव्हा यायचा, कुणाला न विचारता टाकीतलं पाणी प्यायचा आणि कसलंही काम न करता निघून जायचा, म्हणून आम्ही त्याला मॅनेजर म्हणायचो. तो आला की सगळ्यांनी गाडीत किंवा जाळीत बसून राहायचं हा नियम. हत्तीच्या पावलांचा आवाज होत नाही. वहिनीला काही कळलं नव्हतं.

"म्शाना," मी कसाबसा म्हणालो.

त्यानेही पाहिलं होतं. त्याने ओरडायला तोंड उघडलं, पण बोबडी वळली होती, नुसती हवा निघाली. माझं सांगायचं तर मी बाकावरून उठलो नाही. आणि म्शानाने, ज्या म्शानाने कधी करकोच्यालाही पातेलं वाजवल्याशिवाय ओलांडलं नव्हतं, त्याने दार ढकललं आणि तो बाहेर पडला. हातात होती ती सुपाची पळी.

तो पळाला नाही. पळता येत नव्हतं त्याला, गुडघे एकमेकांवर आपटत होते. चालत गेला, आणि वहिनी व हत्ती यांच्या मधे जाऊन उभा राहिला. मॅनेजरने कान पसरले. एकेक कान म्शानाएवढा. म्शानाने पळी दोन्ही हातांनी पुढे धरली आणि मोठ्यांना म्हणावं तसं म्हणाला, "मॅनेजरसाहेब, पाया पडतो. सूप व्हायचंय अजून. ही माझी बायको आहे."

मॅनेजरने सोंड लांब केली, पळीचा वास घेतला. आलं. त्याने असा काही फुत्कार सोडला की सूप म्शानाच्या तोंडावर उडालं. म्शाना हलला नाही. हत्ती एक पाऊल पुढे आला. म्शाना तरी हलला नाही.

तेवढ्यात वहिनीने मागे वळून पाहिलं. मला वाटलं आता किंकाळी फुटणार. ती उठली, नवऱ्याच्या हातातली पळी काढून घेतली, डबा उलटा केला आणि बडवायला सुरुवात केली. "हट! हट! चल, निघ! मेल्या, दुसरं घर नाही का तुला? हट!" असा खणखणीत आवाज की मॅनेजर चमकलाच. आयुष्यात त्याच्याशी असं कुणी बोललं नसावं. त्याने डोकं हलवलं, बाभळीची एक फांदी मोडून राग काढला आणि पाणी न पिताच चालता झाला.

वहिनी नवऱ्याकडे वळली. "तुम्ही कशाला आलात? तिकडे सूप करपेल ना."

तो खाली बसला. मग त्याला उठता येईना. मी आणि वहिनीने धरून त्याला जाळीत आणलं, तोंड पुसलं, आल्याचा चहा पाजला. मग त्याने कप खाली ठेवला.

"तू... हत्तीला... अशी..."

"त्यात काय एवढं? दर हंगामाला येतात मक्यात. शेजारच्या अभयारण्यातून शिरतात ना. मी आणि आपली नामसिफू डबे घेऊन बसतो."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"नामसिफूचे बाबा," वहिनी म्हणाली, "तुम्ही सुट्टीवर येऊन सिंहांचं सांगायचात. त्यात मी मक्यातल्या हत्तीचं काय सांगू?"

म्शानाने मान खाली घातली. मला तेव्हा काहीतरी बोचरं बोलायला हवं होतं, नात्याने तसा हक्कच होता. मी उठून सूप तेवढं चुलीवरून उतरवलं.

दिवस मावळायला आला तसा म्शाना दाराकडे बघू लागला, मग बाहेरच्या तंबूकडे. गळ्यातल्या सुतळीशी त्याचा हात सारखा जात होता. वहिनीने ते पाहिलं. ती तंबूत गेली आणि दोन्ही अंथरुणं घेऊन आत आली. "भावजी, तुम्ही तुमच्या गाडीत जा," ती मला म्हणाली. "बाहेर गारठा आहे, आम्ही इथे चुलीपाशी झोपतो." तिने नवऱ्याच्या गळ्यातली सुतळी काढली, आतून कुलूप लावलं आणि घासलेला डबा कोपऱ्यात जागेवर ठेवला. "आंबवण म्हणे," एवढंच पुटपुटली.

पुढे गावात म्शानाने सिंह सांगणं सोडलं नाही. वहिनी पलीकडे शेंगा सोलत ऐकायची आणि मान डोलवायची. पण हत्तीची गोष्ट त्याने कधीच कुणाला सांगितली नाही. मला राहवेना. मी विचारलं, "गाढवा, खरं घडलेलं एवढं एक आहे, तेच का गिळतोस?"

"त्या गोष्टीत मी घाबरलेला आहे, चागा," तो म्हणाला. "सिंहांच्या गोष्टींत मी घाबरत नाही."

तो गेला तो अंथरुणात, साध्या तापाने. कुठल्याही जनावराचा त्यात हात नव्हता. मी किसिवानीला पोचलो तेव्हा अंगणात सारा गाव बसला होता. मी म्शानाचा एप्रन बांधला, त्याची पांढरी टोपी घातली, पातेलं आणि पळी घेतली आणि ठण ठण करत कबरीभोवती फेरी मारली. कुणीतरी खुदकन हसलं, मग आणखी कुणी. मी खड्ड्यात उतरलो आणि पाय पसरून बसलो.

"पारे मेला की नाही ते कसं ओळखतात?" मी खालून ओरडलो. "कोर्टात त्याच्या नावाचा पुकारा करा! आला नाही तर खुशाल पुरा!"

हशा पिकला. पाद्र्याने घड्याळ पाहिलं. मी जाळीचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. म्हातारे गुडघ्यांवर हात मारत होते, डोळे पुसत होते. तिथवर सगळं रिवाजाप्रमाणे चाललं होतं. आणि मग मला वाटलं, आता पुरतील याला, आणि ती एक गोष्ट माझ्याबरोबर गाडीतच राहील. म्हणून मी तीही सांगितली. तो कसा दार ढकलून बाहेर पडला, कसे त्याचे गुडघे वाजत होते, कसा पळी धरून उभा राहिला.

"पळी!" कुणीतरी किंचाळलं. "हत्तीपुढे पळी! अरे चागा, मारशील हसवून!"

"खरं आहे हे!" मी म्हणालो.

ते लोळायचे बाकी राहिले.

"अरे मूर्खांनो, खरं सांगतोय! सिंह सगळे खोटे, हे खरं!" माझा आवाज चढला. मी रागावलो होतो, थट्टेकऱ्याने रागावू नये तिथे रागावलो होतो, आणि त्यावरही लोक खदखदून हसत होते.

मग हशा एका बाजूने थांबत आला. बायकांच्या चटईवरून नाकिज्वावहिनी उठून कबरीपाशी आली होती. विधवेने असं उठून यायचं नसतं.

"सिंहांचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी तिथे नव्हते. हत्तीचं माहीत आहे. ते थरथर कापत होते. आणि माझ्यापुढे उभे होते." एवढं बोलून ती परत जाऊन बसली.

कुणी हसलं नाही. आणि मी, इतक्या पारे लोकांना पोचवलेला निर्ढावलेला थट्टेकरी, खड्ड्यात बसल्या बसल्या रडायला लागलो. थट्टेकऱ्याने रडायचं नसतं. मी एप्रनमध्ये तोंड खुपसलं आणि आडवा झालो.

म्शानाचा थोरला भाऊ वरून कोंबडी दाखवत म्हणाला, "ऊठ रे चागा, घे आणि निघ."

मला उठता येईना.

"बघा याची हाव! कोंबडीवर उठत नाही!" भाऊ म्हणाला. पाद्री म्हणाला, ऊन उतरतंय. वर कुजबूज झाली, तावातावाने घासाघीस झाली, दोन म्हातारे एकमेकांवर ओरडले, आणि अखेर कुणीतरी दात-ओठ खात गोठ्यातून बोकड ओढत आणला.

मी डोळे पुसून उठलो आणि बोकडाची दोरी हातात घेतली. किसिवानीच्या पारे लोकांच्या मुठीतून एका चागाने बोकड सोडवला होता. हे म्शानाला कळलं असतं तर तो पेटीतून उठून बसला असता. खरं सांगतो, मी क्षणभर वाटही पाहिली.